बाबांचा ‘न’

व्हँकुव्हर
१८ सप्टेंबर १९८३

चिउ,

तुला पत्र लिहायची पाळी आली यावरूनच ओळख, की बाकी सगळ्यांना विचारून झालंय.

जूनपासून बाबांचा फोन नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येणारा फोन. मी लावला की किउ-जे उचलते आणि म्हणते, आंघोळीला गेलेत. मागच्या वेळी हेच, त्याच्या आधीही हेच. माझा बाप सिनेमा काढतो की मासा झालाय? आणि मेकअपवाली बाई आमच्या घरातला फोन उचलते कशी? इतकी वर्षं बाबांच्या तोंडाला पावडर लावली म्हणून घराची किल्ली तिला?

इथल्या चिनी वस्तीत बाबांबद्दलच्या अफवांना नुसता ऊत आलाय. बेकरीवाली म्हणते, सिटू गाम संपला. तिचा नवरा म्हणतो, तैवानला पळाला. भाजीवाला म्हणतो, गुपचूप लग्न केलं. ज्याचे सिनेमे बघून ही माणसं खुर्चीवरून खाली पडायची, त्याचं वाईट झालं असेल या कल्पनेनंही ती तितकीच खुशीत आहेत.

मी सरळ उठून का येत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. मी निघाले त्या दिवशी विमानतळावर तू होतास, माझी बॅग धरून माझीच संत्री खात. बाबा काय म्हणाले ते तू ऐकलंस. “इंग्रज गेले तर इथलं पुढे काय होईल कुणाला माहीत. तिथे पाय रोव. मी बोलावेन तेव्हा यायचं. आधी आलीस तर दार उघडणार नाही.” मी शब्द दिला होता. अजून त्यांनी बोलावलेलं नाही.

तू हल्ली त्यांच्याकडेच राहतोस असं कळलं. पक्ष्यांच्या बाजारात, मकावच्या बोटीवर, सुक्या मासळीच्या दुकानात, कुठेच न टिकलेला तू. मग इथे कसा टिकलास, हाही मला प्रश्न आहे. पण आधी एकच सांग. बाबा कसे आहेत?

शान


काउलून सिटी
२ ऑक्टोबर

शान-ताई,

मामा ठणठणीत आहेत. आता पुढचं निवांत वाच. जिथे अक्षर अडलं तिथे गोल काढलाय, तो तू भरून घे, शाळा मी सोडली की शाळेनं मला ते तुला माहीत आहेच.

इथे मोठं वादळ येऊन गेलं. आमच्या गल्लीतल्या दातवाल्याची पाटी उडाली आणि तो भला मोठा दात थेट भाजक्या बदकांच्या दुकानावर जाऊन बसला. बदकवाला म्हणतो, आता दातवाल्यानंच बदकं चावून विकावीत. त्याच्यामागून आपला डॉलर गडगडला आणि लोकांनी दुकानं रिकामी केली. किउ-जेनं तांदूळ आणला तो आणलाच, संडासचे कागद इतके आणले की मी सध्या त्यांच्याच थप्पीवर झोपतो. गादीपेक्षा बरं लागतं. जो तो दुसऱ्याच्या खिशाकडे बघतो, याच्याकडे विमानाचं तिकीट आहे की काय म्हणून.

कुठे होतो मी. हां, मामा.

मामांनी मौन धरलंय. देवळाबाहेरच्या भविष्यवाल्यानं सांगितलं, डुकराचं वर्ष संपेपर्यंत तोंड उघडलंस तर सिनेमा पडेल. म्हणून फोन नाही. मामांचं तुला ठाऊक आहे, शूटिंगच्या पूजेला भाजलेलं डुक्कर कापताना सुरी एका दमात खालपर्यंत गेली नाही तर दिवसभर कॅमेऱ्याला हात लावत नाहीत. तसंच हे.

सेटवर काही अडत नाही. चिठ्ठ्यांची पद्धत जुनीच आहे. सकाळी मामा गाडीत बसून लिहितात, ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या वाक्याची चिठ्ठी मिळते, दुसऱ्याच्या चिठ्ठीत डोकावलं की बाहेर. संध्याकाळी किउ-जे सगळ्या गोळा करते, खिसेसुद्धा तपासते. का, तर दुसऱ्या कंपनीवाले विनोद चोरतात. आम्हा कुणालाच गोष्ट माहीत नाही. मी हॉटेलातला पोऱ्या आहे आणि रडत रडत एका बाईला मिठी मारतो, ती माझी आई आहे की मालकीण हे विचारलं तर मामांनी लिहून दिलं, “तुला कळलं तर तू अभिनय करशील.”

एवढंच समजलंय की भाजण्यासाठी आणलेल्या डुकराला एक माणूस वाचवतो. डुकराचं वर्ष आहे, निदान एका डुकराचं भलं व्हावं. सिनेमा नव्या वर्षाला, फेब्रुवारीत लागेल.

मी टिकलो कारण मामा मला बोलायला शिकवतात. माझं आडनाव निप. मी आयुष्यभर लिप म्हणत आलो. मामा म्हणायचे ना, बापाचं नाव घेता येत नाही आणि निघालाय जग बघायला. ‘तू’ला ‘नेई’ म्हणायचं, मी म्हणतो ‘लेई’, इथे माझ्या वयाचे सगळेच म्हणतात. तर रोज शिकवणी. ‘न’ला जीभ टाळूला लावून आवाज नाकातून काढायचा, कंटाळा करायचा नाही.

किउ-जे चांगली बाई आहे. तिनं काल गाईच्या छातीच्या मांसाचं सूप केलं होतं, मुळा असा शिजलेला की काड्यांनी धरला की तुटतो, वर संत्र्याची सुकी साल. आज माशाचे गोळे आणि

कागद संपला.

चिउ


व्हँकुव्हर
१७ ऑक्टोबर

चिउ,

तू लहान असताना माझी पाटी फोडलीस आणि आईनं विचारलं तर शेजारच्यांच्या घरी डाळीची खीर कशी होती ते सांगत बसलास. तू खोटं बोलायला लागलास की खाण्यावर येतोस. तुझ्या पत्राची सगळी शेपटी सुपात बुडाली आहे.

आता मला समजावून सांग. मौन धरलेला माणूस ‘न’चा उच्चार शिकवतो कसा? तोंड न उघडता?

दुसरं. नवससायास, भविष्य, कुंडल्या यांची बाबांनी सिनेमात किती टर उडवली आहे. पूजेचं डुक्कर ते कामगारांसाठी कापतात, स्वतः मानत नाहीत. मला त्यांनी असं सांगितलंय. म्हणजे एकतर ते माझ्याशी खोटं बोलले, नाहीतर तू बोलतोयस.

आणि ‘न’चं म्हणशील तर ते मला नको सांगूस. होईपिंगच्या खेड्यातून आलेला मुलगा रेडिओवर गेला तेव्हा त्याच्या गावठी बोलण्याला सगळे हसले. त्यानं खोलीत कोंडून घेऊन शहरी बोली घासली. मग त्याच हसणाऱ्यांची मुलं आळसानं ‘न’चा ‘ल’ करायला लागली आणि एकटे बाबाच शुद्ध उरले. जेवताना मी ‘लेई’ म्हटलं की माझी वाटी ते आपल्यासमोर ओढून घ्यायचे. इथे शनिवारी मी चिनी शाळेत पोरांना शिकवते, तेव्हा माझाही हात आपोआप वाटी ओढायला जातो. तेच बाबा तुला अचानक आता शिकवायला बसलेत. इतकी वर्षं नाही, आताच. तुझ्या ‘न’ची त्यांना कसली गरज पडली?

फोन नाही, ठीक. मौनात हात तर चालतो ना? त्यांच्या हातच्या दोन ओळी पाठव. आल्या नाहीत तर मी असं धरून चालेन की किउ-जे आणि तू मिळून काहीतरी दडवता आहात.

शान


काउलून सिटी
२० नोव्हेंबर

शान-ताई,

उशीर झाला. शूटिंग जोरात आहे आणि माझ्यावर नजर आहे, त्यामुळे पोस्टात जाणंही चोरून.

नजर अशी. रोज दुपारी मी सेटवरून दोन गल्ल्या सोडून एका ठिकाणी जातो, कुठे ते सांगायची मला बंदी आहे. सगळे म्हणतात, हा दुसऱ्या कंपनीचा हेर. दिवे सांभाळणारा म्हातारा यिक तर तोंडावरच म्हणाला, “तिकडे दुपारचं जेवण चांगलं मिळतं का रे? माझंही नाव सांग.” त्यात भर म्हणजे त्या दुसऱ्या कंपनीच्या सिनेमातही एक प्राणी आहे, हंस. डुकराचा हंस करून माझ्या मार्फत विकला असं सगळ्यांचं ठरलंय. किउ-जे माझे खिसे दोनदा तपासते. तुझं मागचं पत्र मी बुटात ठेवून वाचवलं, आता लंगडतो.

ताई, डुकराचं तू कुणाला बोलली नाहीस ना? बेकरीवालीला वगैरे? सहज विचारतो.

तू विचारलंस ‘न’ कसा शिकवतात. सोपं आहे. समोर बसून हातात जेवणाची एक काडी घेतात. मी चुकलो की टेबलावर टक. बरोबर आलं की काही नाही. त्या काडीचा आवाज माझ्या स्वप्नात येतो. एकदा चहाच्या दुकानात कुणीतरी कपावर चमचा वाजवला आणि मी एकदम ‘नेई, नेई’ म्हणालो, शेजारचा माणूस उठून दुसऱ्या टेबलावर गेला.

दोन ओळींचं मी विचारलं. मामांनी मान हलवली. मग माझ्यासाठी लिहिलं, “पत्रात माणूस सावकाश खोटं बोलतो. मला घाईची सवय आहे.” ती चिठ्ठी तुला पाठवणार होतो, ती किउ-जेनं काढून घेतली.

सिनेमा छान होतोय. मामांनी या वेळी गळ्यात लोकरीचा लाल मफलर घातलाय, पूर्ण सिनेमाभर, उन्हात, पोहतानासुद्धा. पोहण्याच्या सीनला कामगार पोट धरून हसले. आणि एक नवा नियम काढलाय, या सिनेमात कुणी मरायचं नाही. एक म्हातारी मरते असं होतं, तिला देण्याचं लाल पाकीटही आणून ठेवलं होतं, पडद्यावर मरणाऱ्याची इडापिडा टळावी म्हणून देतात ते. मामांनी ते पाकीट तिला तसंच दिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, “आजी, तुम्ही बऱ्या झालात. नाचा.” म्हातारी खरंच नाचली.

डुक्कर फार हुशार आहे. शेवटी ते पळून जातं आणि मामा त्याच्यामागे सगळ्या बाजारातून धावतात. परवा तो सीन झाला. मामा थोडंच धावले, मग खाली बसले, बराच वेळ बसून राहिले. उरलेलं अंतर तो मफलर घालून मी धावलो, पाठमोरा. दम कुणाला लागत नाही?

इथे आता मातीच्या भांड्यातला भात सुरू झालाय, सॉसेज घातलेला, तळाची खरपुडी

नाही, खाण्याचं लिहीत नाही. नव्या वर्षाला मौन सुटेल तेव्हा मामा फोन करतील. असं ठरलंय.

चिउ


व्हँकुव्हर
८ फेब्रुवारी १९८४

चिउ,

फोन आला. तुला माहीतच असेल, तू तिथेच कुठेतरी फराळाची पेटी संपवत बसला असशील.

“कुंग हेई, बाईसाहेब, इथे एक डुक्कर तुमची चौकशी करतंय.” नव्या वर्षाची शुभेच्छा आणि लगेच डुक्कर, पहिलंच वाक्य. मी तिथेच स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. आठ महिन्यांनी तो आवाज. जेवलीस का, बर्फ किती आहे, शाळेतली पोरं ‘न’ म्हणतात का. प्रत्येक ‘नेई’ लख्ख. मी रडतेय म्हटल्यावर म्हणाले, परदेशात रडायला जास्त पडतं, इथे येऊन रड स्वस्तात. मग म्हणाले, पण आता नको, बोलावीन तेव्हा.

दोन दिवस मी आनंदात होते. बेकरीवालीला मुद्दाम जाऊन सांगितलं.

तिसऱ्या दिवशी भांडी घासताना हात थांबला. त्या स्वस्तात रडण्यावर बाबा हसले. आपल्याच विनोदावर. चिउ, मी सव्वीस वर्षांची आहे आणि माझ्या बापाला मी त्याच्या स्वतःच्या विनोदावर हसताना एकदाही ऐकलेलं नाही. विनोद करणारा हसला की प्रेक्षकाचं हसू चोरीला जातं, असं ते सगळ्या नटांना ओरडून सांगायचे.

आणखी एक. प्रत्येक वाक्याआधी थोडी जागा होती. मला वाटलं, लांबचा फोन, तारेतून यायला वेळ लागतो. पण माझ्या बोलण्यावर ते लगेच हं म्हणायचे, आणि मग थांबायचे. तार फक्त एका बाजूनं लांब असते का?

कदाचित मी वेडी झाले आहे. या गावात संशय घेण्याशिवाय दुसरं काम नाही, हिवाळा फार मोठा आहे. तू मला सांग की मी वेडी झाले आहे. मी मानेन.

शान


काउलून सिटी
२१ फेब्रुवारी

शान-ताई,

सिनेमा चालला. हंसवाला पडला. थिएटरबाहेर लोक लाल मफलर घालून येतात, आमच्या गल्लीत एक बाई ते विणून विकते. म्हातारा यिक आता माझा हेर म्हणून मान ठेवतो, म्हणतो, तू मुद्दाम त्यांना चुकीचा प्राणी सांगितलास.

वय झालं की माणसं हसायला लागतात. मामाही.

मला एका मालबोटीवर स्वयंपाकघरात जागा मिळतेय, कीलुंग आणि तिथून पुढे बोर्निओ. आचारी ओळखीचा आहे, पूर्वी माशांच्या बाजारात आम्ही शेजारी. त्याच्या हातचा वाफवलेला गारुपा मासा, वर कांद्याची पात आणि कडकडीत तेल, ते तेल पडताना जो आवाज होतो ना, त्याच्यासाठी मी एका आठवड्यात चेउंग चाऊ बेटावर तीन वेळा गेलो. सिनेमा झाला, आता इथे माझं काम काय. पण अजून ठरवलेलं नाही.

तू वेडी नाहीस. थंडी आहे, जप.

चिउ


व्हँकुव्हर
१८ मार्च

चिउ,

तू परत मासा वाढलास.

काल इथे बाबांचा सिनेमा लागला. मी शाळेतली पोरं घेऊन गेले. वस्तीतले सगळे आले होते, तो संपला म्हणणारेसुद्धा, सगळ्यात आधी तेच. बाबा पडद्यावर आले आणि मी बघतच राहिले. किती बारीक झालेत. मफलरवर लोक हसत होते, मला हसू येईना. एकदा बसताना त्यांनी हात गळ्याकडे नेला आणि अर्ध्यात वळवून नाक खाजवलं. सगळं थिएटर हसलं. ते नाक खाजवणं विनोद नव्हता.

पण आवाज बाबांचा. मी डोळे मिटून ऐकलं. आपल्या सिनेमात आवाज मागाहून भरतात हे मला कळायला लागल्यापासून माहीत आहे, छतावरून विमानं जाणाऱ्या गावात दुसरं करणार काय. नटाला वेळ नसला की दुसराच कुणी बोलतो, प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही. पण बाबांनी आपलं बोलणं कधी कुणाला दिलं नाही. म्हणून मी ऐकत होते, आणि प्रत्येक ‘न’ जागेवर होता. मला माझीच लाज वाटायला लागली.

मग ते डुकरामागे धावतात. डुक्कर कोपऱ्यावर वळतं, बाबा थांबतात, कॅमेरा फक्त त्यांच्या चेहऱ्यावर, आणि ते ओरडतात, “लेई फान लाय!”

लेई. पूर्ण सिनेमात एकदाच.

माझ्या शेजारची सात वर्षांची पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, ते चुकले. त्यांची वाटी घ्या.”

बाबा मरतील पण ‘तू परत ये’ म्हणताना ‘लेई’ म्हणणार नाहीत. लग्नात, बारशाला टेबलावर उभा राहून बाबांची हुबेहूब नक्कल करणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो स्वतःचं आडनाव लिप सांगतो. फोनवर तूच होतास. तूच हसलास. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तुझ्यापाशी रडले.

मला तुझ्यावर ओरडायचं आहे, पण ते नंतर. आता फक्त एक. जूनपासून माझ्या बापाचा आवाज कुणीही ऐकलेला नाही. त्यांचा चेहरा मी बघितला तो कधी चित्रित केलेला मला माहीत नाही. चिउ, बाबा आहेत का?

खाण्याचा एक शब्द लिहिलास तर मी ते उत्तर समजेन.

शान


काउलून सिटी
१ एप्रिल

शान-ताई,

मामा आहेत. आत्ता पलीकडच्या खोलीत खिडकीशी बसलेत. आज एक एप्रिल आहे हे तारीख लिहिताना लक्षात आलं, पण हे खरं आहे.

जुलैत त्यांचा गळा कापला. आत गाठ होती, डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. गळ्याला खाली एक भोक आहे, त्यातून श्वास घेतात. मफलर त्याच्यासाठी; पोहण्याच्या सीनला तो घालून पाण्यात मीच उतरलो होतो, पाठमोरा. भोकात एक नळी असते, ती दिवसातून कितीदा तरी काढून धुवावी लागते. ते किउ-जे करते. किल्ली तिच्याकडे म्हणून आहे. नळी धुतात ती वेळ आंघोळीची म्हणून सांगायची असं तिनंच ठरवलं, अगदी खोटं नको म्हणून.

थिएटरवाल्यांना कळलं असतं तर मुक्या माणसाचा नव्या वर्षाचा विनोदी सिनेमा कुणी घेतला नसता. म्हणून मौन. सेटवर ओठ हलवायचे, आवाज मागाहून माझा. मी दुपारी जायचो ते आवाज भरायच्या खोलीत. मी हेर म्हणवून घेतलं पण बोललो नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेव.

तुझ्यापासून लपवायचं हे मामांचं. मी भांडलो. त्यांनी लिहिलं, “तिच्याकडे माझा आवाज आहे. तो राहू दे. ती आली तर भोक बघेल.”

फोनचं. मामा माझ्या शेजारी बसले होते, कान रिसिव्हरला लावून. तू बोललीस की ते लिहायचे आणि मी वाचायचो. तुला जी जागा ऐकू आली ती पेन्सिलची. डुक्कर चौकशी करतंय, पोरं ‘न’ म्हणतात का, रडायला जास्त पडतं, सगळं त्यांचं. बोलावीन तेव्हा, तेही त्यांचंच, खोडून परत लिहिलेलं. हसू तेवढं माझं. ते चिठ्ठीवर नव्हतं. मला खरंच हसू आलं ताई, वाक्य चांगलं होतं. फोन ठेवल्यावर त्या हसण्याबद्दल मामांनी मला काडी फेकून मारली.

आता ‘लेई’चं. हे लिहायला मी तीन कागद फाडले.

आवाज भरताना पडद्यावर तुकडा परत परत फिरवतात, ओठ जुळेपर्यंत. मामा मागे काडी घेऊन. एक ‘ल’ निसटू दिला नाही त्यांनी. एकदा तर सबंध दुपार एका ‘नेई’वर गेली, यंत्रावरचा माणूस म्हणाला, या पोराला जीभच दुसरी बसवा. त्या डुकराच्या सीनला मी दम लागावा म्हणून जागच्या जागी धावत होतो, आणि तोंडातून गेलं ‘लेई फान लाय’. माझं मलाच कळलं. मी टक होण्याची वाट बघत उभा. टक नाही. मागे वळलो तर मामांनी काडी खिशात घातलेली. मी म्हणालो, मामा, चुकलं, परत घेऊ. यंत्रावरचा माणूसही म्हणाला. मामांनी हात हलवला, राहू दे.

मला वाटलं थकले. मग वाटलं, माझ्यावर पाणी सोडलं यांनी, आता बोलूनही उपयोग नाही असं झालं. मला राग आला. बोटीवर जागा आहे का हे मी त्याच दिवशी विचारायला गेलो.

काल तुझं पत्र आलं आणि मी पहिल्यांदाच ते मामांना दिलं. सगळं वाचलं त्यांनी. ‘संपला म्हणणारेसुद्धा’पाशी मान हलली. ‘वाटी घ्या’पाशी हसले. आता त्यांच्या हसण्याला आवाज नसतो, मफलर हलतो फक्त. मी विचारलं, मामा, तो ‘ल’ तुम्ही मुद्दाम ठेवलात? त्यांनी लिहिलं, “एवढ्या मोठ्या थिएटरात एकाच प्रेक्षकासाठी ठेवलेला विनोद. तिला कळायला मार्च उजाडला.”

ताई, आता मला तुझी संशयाची सवय लागलीय. विनोदी माणूस आहे, घसरून पडला तरी मीच तसं बसवलं होतं म्हणेल. खरंच त्या दिवशी थकले असतील आणि काल तुझं पत्र वाचून बेत जुळवला असेल. मी हे त्यांना बोलूनही दाखवलं. गाडीत बसून लिहायचे तशी त्यांनी मांडीवर वही घेतली, बराच वेळ लिहिलं, खोडलं, चिठ्ठी फाडून घडी केली आणि माझ्या हातावर ठेवली. वर तुझं नाव. मी उघडू लागलो तर टक. ज्याची चिठ्ठी त्यानंच वाचायची. किउ-जे बघत होती, तिनं खिसा तपासला नाही.

मी वाचलेली नाही. सोबत घातलीय.

खोकला वाढलाय. डॉक्टर परत गळ्यात बघतात आणि आमच्याशी बोलताना भिंतीकडे बघतात. किउ-जेला आता फोनवर आंघोळीचं सांगता येत नाही, ती रडते, म्हणून ती उचलत नाही. विमान आमच्या छतावरूनच उतरतं. मामा दिवसभर खिडकीत बसून मोजदाद केल्यासारखे वर बघतात, कुठून आलं ते शेपटीवरच्या रंगावरून ओळखतात.

बोट पुढच्या महिन्यात आहे. तू येईपर्यंत मी जात नाही. विमानतळावर मी असेन, संत्री घेऊन. हे खाण्याचं नाही, हे खरं आहे.

चिउ


(घडी केलेली चिठ्ठी, पेन्सिलीनं)

जागा: काउलून सिटी, घर. दिवस.

पात्र: मुलगी.

कृती: दार ढकलते. दार उघडंच आहे.

संवाद: तिचा तिनं ठरवावा. ‘न’ मात्र नीट. मला ऐकू येतं.